शब्द टाकताना : शिफारस, साक्ष आणि अमानत

आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी शोधणाऱ्या तरुणाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिथे आपल्या ओळखीचे कोणी आहे का?" हाती आयटीआयचे प्रमाणपत्र असते, बायोडाटाच्या प्रती काढलेल्या असतात, तरीही कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी त्याला आत सोडत नाही. २००७ मध्ये आकुर्डीतील बजाज ऑटोच्या कारखान्यातले वाहन उत्पादन थांबले आणि कामाची वाट चाकणच्या दिशेने वळली. आज तिकडची पुष्कळशी भरती ठेकेदारांमार्फत होते, म्हणून ओळखीचे मोल अधिकच वाढले आहे. जुम्याच्या नमाजनंतर एखादी आई इमामालाही विनवते : "मौलाना, मुलासाठी एक शब्द टाका."

'शब्द टाकणे' हा मराठीतला अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. ज्याचा शब्द खर्ची पडतो, त्याची अब्रूही त्याबरोबर पणाला लागते. असा शब्द टाकणे हे सत्कर्म आहे की दुसऱ्याच्या हक्कावर आक्रमण?

शिफारस मुळातच निषिद्ध आहे, असे इस्लाम म्हणत नाही. सूरह निसाच्या ८५व्या आयतीचा आशय असा, की चांगल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याचा वाटा असतो आणि वाईट शिफारशीच्या भारातही तो भागीदार असतो. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कथन केलेल्या, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसनुसार, कोणी गरजू आला की प्रेषित मुहम्मद (स.) सोबत्यांना त्याच्यासाठी शिफारस करायला सांगत आणि त्याचे पुण्य मिळेल असे आश्वासन देत. हजरत यूसुफ (अ.) यांनीही तुरुंगातून सुटणाऱ्या सोबत्याला आपल्या धन्याजवळ आपली आठवण काढायला सांगितले होते.

आपल्या समाजाला तर या आधाराची गरज विशेष आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अट्टेवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवण्यात आले. फरक होता तो फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुस्लिम नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांश आढळली. अशा वेळी आतल्या माणसाने "हा मुलगा मला ठाऊक आहे, याचे काम एकदा पाहा" असे म्हणणे, म्हणजे अन्यायाने बंद झालेले दार ठोठावणे होय.

मात्र दार ठोठावणाराच पुढे दारावर बसून वसुली करू लागतो, हाही आपल्याच महाराष्ट्राचा अनुभव आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगारभरती दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. गावाहून आलेला माणूस भाऊबंदाच्या किंवा गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपुढे उभा राही. परक्या शहरात ती ओळख त्याचा पहिला आसरा होती. पण काम मिळवायला आणि टिकवायला 'दस्तुरी' मोजावी लागे. १९३१ च्या रॉयल कमिशनच्या अहवालाने या प्रथेतील लाचखोरीवर बोट ठेवले. नाव बदलले तरी ही रीत संपली असे समजू नये. नोकरी लावून देतो म्हणून पहिल्या पगारातून हिस्सा घेणाऱ्याने अबू दाऊद यांच्या संग्रहातील एक हदीस आठवावी. बांधवाची शिफारस करून त्याबदल्यात भेट स्वीकारणारा व्याजाच्या एका मोठ्या दारातून आत शिरला, असा तिचा आशय आहे.

पैसा न घेताही शिफारस बिघडू शकते, कारण शिफारस ही साक्ष आहे. कुरआनात हजरत मूसा (अ.) यांचा मदयनमधील प्रसंग येतो. विहिरीवर ताटकळणाऱ्या दोन मुलींच्या जनावरांना त्यांनी पाणी पाजले. पुढे त्यांपैकी एकीने पित्याला सुचवले की यांना कामावर ठेवा; कारण चाकरीस ठेवावा असा उत्तम माणूस सशक्त आणि विश्वासू असतो (सूरह कसस : २६). तिने ना त्यांचे कूळ सांगितले, ना गाव. जे डोळ्यांनी पाहिले होते, त्याचीच तिने साक्ष दिली.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक कथन प्रसिद्ध आहे. एकाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले : तू त्याचा शेजारी आहेस काय? त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय? त्याच्याबरोबर प्रवास केला आहेस काय? तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तेव्हा त्यांनी सांगितले की मग तू त्याला ओळखतच नाहीस. आपण किती शिफारशी या कसोटीवर उतरवू शकू? "पोरगा आपलाच आहे, सगळे काम येते" असे सांगून प्रेस मशीन कधी न हाताळलेल्या मुलाला त्यावर बसवले आणि त्याची बोटे गेली, तर ती खोटी साक्ष कोणाच्या खात्यावर लिहिली जाईल?

या व्यवहारात आणखी एक माणूस असतो, आणि तो समोर नसतो. ज्याला मामा नाही, चुलता नाही, मोहल्ल्यात ज्याचे कोणी नाही, असा तो तरुण. कदाचित परभणीहून वा नांदेडहून आलेला, निगडीत चौघांसोबत एका खोलीत राहणारा. कदाचित तो मुस्लिमही नसेल. त्याची पात्रता अधिक असताना आपण आपल्या माणसासाठी जागा अडवली, तर त्याचा हक्क आपण घेतला. मक्का विजयाच्या दिवशी काबागृहाची किल्ली प्रेषितांच्या (स.) हाती होती. जवळच्या आप्ताने ती मागितली, तरी प्रेषितांनी (स.) उस्मान बिन तलहा यांना बोलावून ती त्यांच्याच हाती परत दिली. अमानत तिच्या हक्कदाराला सोपवा, ही सूरह निसाची ५८वी आयत भाष्यकार याच प्रसंगाशी जोडतात.

यावर कोणी म्हणेल, "मौलाना, आमच्या अर्जावरचे नाव पाहूनच तो बाजूला ठेवला जातो. मग आम्ही आमच्यांनाच का घेऊ नये?" वेदना खरी आहे. पण त्या अन्यायाचे स्वरूप नीट पाहावे. तिथे नाव वाचले गेले आणि माणूस पाहिलाच गेला नाही. केवळ 'आपला' म्हणून आपण एखाद्याला पुढे ढकलतो, तेव्हा आपणही नावच वाचतो आणि माणूस पाहत नाही. चांगली शिफारस नाव बाजूला सारून माणसाचे गुण समोर आणते. वाईट शिफारस एका नावाच्या जागी दुसरे नाव ठेवते. सूरह निसाच्याच १३५व्या आयतीत न्यायासाठी साक्षीला उभे राहण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना.

म्हणून वाचकहो, काही पथ्ये आपण पाळू शकतो. जागा रिकामी झाल्याचे कळले, तर ती बातमी चार घरांत दडवून न ठेवता सर्वांना सांगावी. मुलगा असो वा मुलगी, जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, आणि उणीवही लपवू नये. नकार आला तर नाते तोडू नये. स्वतः प्रेषितांनी (स.) हजरत बरीरा (रजि.) यांना पतीकडे परत जाण्याविषयी सुचवले होते. ही आज्ञा आहे काय, असे बरीरांनी विचारले. केवळ शिफारस आहे, असे कळल्यावर त्यांनी ती नाकारली, आणि तो नकार मान्य झाला. जिथे नकाराला जागा नाही, ती शिफारस नसून दडपण आहे. आणि ज्याला नोकरी मिळाली, त्याने प्रामाणिक कामाने शब्द टाकणाऱ्याचा शब्द राखावा. त्याच्या निष्काळजीपणाने पुढच्या दहा मुलांसाठी ते दार बंद होऊ शकते.

उपजीविका देणारा अल्लाह आहे. आपण निमित्तमात्र आहोत. ज्याच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नाही, त्याच्यासाठी बोलण्याचे बळ आणि आपल्यांविषयीही खरे तेच सांगण्याचे धैर्य अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.