साध्या विडीचा हिशेब

सिन्नरमध्ये हृदयविकारावर बोलायचं तर विडीला वगळून चालत नाही. मुसळगाव-माळेगावात कारखाने आले त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या घराघरांत विडी वळली जायची. मांडीवर सूप, ओलसर टेंभुर्णीचं पान कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून बोटांनी वळायचं, टोक दुमडून दोरा बांधायचा. मजुरी दर हजार विड्यांमागे. नाशिकच्या बी.वाय.के. कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते भिकुसा यमासा क्षत्रिय सिन्नरच्या विडीधंद्यातलेच. विडीने या भागाला चूल दिली, शाळा-कॉलेजं दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिने काय नेलं तेही मग याच वहीत मांडलं पाहिजे.

सिगारेट वाईट, विडी आपली साधी, पानाची, हा समज अजून गेलेला नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासातले तंबाखूचे निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. कधीच धूम्रपान न केलेल्यांच्या तुलनेत धूम्रपान करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका २.९५ पट निघाला, आणि फक्त विडी ओढणाऱ्यांत २.८९ पट. म्हणजे साधेपणाची सवलत जवळजवळ शून्य. कारणही सोपं आहे. विडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असते, पण पानातून हवा नीट खेळत नाही, विडी सारखी विझू पाहते. ती पेटती ठेवायला झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. त्यातून आलेला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो, निकोटिन ठोके आणि रक्तदाब वाढवतं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं आणि रक्त गुठळी धरायला तयार होतं.

कारखान्यात काडी पेटवायला बंदी, म्हणून शिफ्टमधले कित्येक जण चुना-तंबाखूवर येतात आणि आपण विडी सोडली असं समाधान मानतात. याच अभ्यासात फक्त तंबाखू चघळणाऱ्यांचा धोका २.२३ पट होता; ओढणं आणि चघळणं दोन्ही करणाऱ्यांचा चौपटीच्या वर.

‘जीवनशैली बदला’ हा सल्ला मला म्हणूनच अपुरा वाटतो. पहाटे फिरा, तेल कमी करा, ताण घेऊ नका, हे ज्याची रात्रपाळी सकाळी सुटते त्याला सांगून काय होणार? माणसाची जीवनशैली त्याने एकट्याने निवडलेली नसते. ती कामाच्या तासांनी, मजुरीने आणि सरकारच्या कराने घडते. कराचंच पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिगारेट-गुटख्यासाठी जीएसटीचा ४० टक्क्यांचा दर ठरला, तेव्हाच विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि विडीच्या पानांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आणायचंही ठरलं. विडी कामगारांच्या पोटाचा प्रश्न खराच आहे. पण त्यांच्या पोटासाठी ओढणाऱ्याची विडी स्वस्त ठेवणं हा उपाय लंगडा आहे. हजारी मजुरी कराच्या दराने आपोआप वाढत नाही. वळणाऱ्या बायकांना दुसरं काम शिकवायला आणि ते घराजवळ मिळवून द्यायला पैसा लागेल, तो विडीवरच्या करातूनच यायला हवा होता.

संशोधनाने आशाही दिली आहे, आणि ती मोजकीच पण भक्कम आहे. धूम्रपान सोडल्यावर तीन वर्षांत धोका १.८७ पटीवर उतरतो. पूर्ण जात नाही, वीस वर्षांनंतरही थोडा उरतोच. पण पन्नाशीतल्या माणसालाही सोडण्याचा फायदा मिळतो. उशीर झाला, आता काय, हे बोलणं आकड्यांपुढे टिकत नाही.

एक गोष्ट मात्र तीन वर्षं थांबत नाही. छातीत दाटून आलं, घाम फुटला, डावा हात भरून आला, की इथे पहिलं उत्तर ‘पित्त झालंय’ हेच असतं. मग सोडा, मग जिरं-पाणी, मग सकाळपर्यंत बघू. नाशिक तीसेक किलोमीटरवर आहे आणि १०८ ला फोन लागतो. हृदयाचे स्नायू दर मिनिटाला मरत असताना वेळ रस्त्यावर कमी, घरातल्या या चर्चेतच जास्त खर्ची पडतो. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसाच्या बाबतीत पित्ताचा निकाल ईसीजी काढल्यानंतरच लावावा.