दगडाचे कुळशील

आकाशातून पडलेला दगड ओळखणे हे स्थळ पाहण्याइतकेच जोखमीचे काम आहे. ‘आमचा वरूनच आलेला’ असे सांगणारे पुष्कळ. चौकशी करणारे थोडे.

चौकशीची रीत ठरलेली आहे. आधी वजन. अशनी त्याच आकाराच्या इतर दगडांपेक्षा हाताला जड लागतो. मग लोहचुंबक, बहुतेक अशनींत निकेलमिश्रित लोखंड असते. मग वर्ण: वातावरणातून येताना अंग पोळून आलेली पातळ काळी साल. अंगावर बुडबुड्यांची भोके दिसली, तर बहुधा भट्टीतली मळी. पांढरी गारगोटी दिसली, तर स्थळ गावातलेच! शेवटी झिलई नसलेल्या फरशीवर घासावा. लाल किंवा काळी रेघ उठली, तर पृथ्वीवरचे लोहखनिज. खरा पाहुणा सहसा रेघ ओढत नाही.

आपल्याकडे फसगतीला वावच वाव. सारा मुलूख काळ्या दगडाचा, आणि त्यात मॅग्नेटाइटचे कण. त्यामुळे चुंबकही जरासा लाडात येतो.

अमेरिकेत मिशिगनमधल्या एका शेतावर दहा किलोंचा दगड कित्येक वर्षे दाराला अडण म्हणून होता. २०१८ मध्ये तो अशनी ठरला आणि किंमत लाख डॉलरच्या घरात गेली. आता मला सांगा, आदल्या दिवसापेक्षा दगडात काय फरक पडला? दार तर तो तितक्याच इमानाने अडवत होता!

बरं, पृथ्वी तरी कशाची झाली? साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच्या असल्याच दगडधोंड्यांची. म्हणजे सगळेच वरून आलेले. हे उशिरा आले म्हणून यांना हारतुरे. फॉरीनहून आलेल्या भाच्याला मिळतात तसे.

पण हारतुरे अगदीच फुकटचे नाहीत हो. बहुतेक अशनींनी जन्मवेळची घडण पोटात जपली आहे. आपला दगड वितळला, फुटला, झिजला. त्याला बालपण आठवत नाही. मात्र त्याच्या झिजण्यातूनच काळी माती झाली. एकाने आठवण जपली, दुसऱ्याने संसार केला. थोर कोण, हे चुंबकाला विचारून कळत नाही.

म्हणून कोणी मोठ्या आशेने दगड दाखवायला आणला, तर खोटे बोलू नये. ‘हा आकाशातला नव्हे’ असे स्वच्छ सांगावे. पण ‘साधा दगड आहे’ एवढे मात्र म्हणू नये. ज्याच्या पाट्यावरची चटणी आपण जन्मभर खाल्ली, त्याला साधा म्हणणे खाल्ल्या भाकरीला शोभत नाही.