चिठ्ठ्यांचा डबा

रायपूरच्या बूढापाऱ्यात, तलावापासून हाकेच्या अंतरावर, एक आजोबा शब्द गोळा करत. त्यांच्या घराण्याला रायपुरात येऊन पिढ्या लोटल्या होत्या आणि घरातल्या मराठीत हिंदी नि छत्तीसगढी मुरली होती. अशी मराठी कुठल्या कोशात सापडणार? म्हणून आजोबा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिठ्ठ्या ठेवत. चिठ्ठीवर आधी शब्द, मग तो कोण म्हणालं, कुठल्या वाक्यात म्हणालं, आणि सगळ्यात शेवटी अर्थ.

त्यांची नात कादंबरी लिहीत होती. बूढा तलावाच्या तळाशी एक राज्य आहे, अशी तिची कल्पना. राजाचं नाव झेर्गॉथ, प्रजा म्हणजे क्विलोर आणि राजा वसूल करतो त्या कराचं नाव थ्रूम. (जोडाक्षर जितकं अवघड तितकं जग अद्भुत, असा एक समज अशा लेखनात असतो.) पहिलं प्रकरण ऐकून आजोबांनी विचारलं, “या तुझ्या क्विलोरांच्या बायका पाण्यावरून भांडताना एकमेकींना काय म्हणतात गं?”

नातीला सांगता येईना.

“मग असं कर. माझी नजर आता साथ देत नाही. रोज संध्याकाळी माझ्या चिठ्ठ्या लिहून दे, मी तुझी प्रकरणं ऐकतो.”

पहिल्याच दिवशी ‘बासी’ आला. नातीने पटकन अर्थ लिहिला, ‘शिळं’. आजोबांनी तो खोडायला लावला. “आजी काय म्हणते ते आधी लिही. ‘उन्हात निघालास, बासी खाऊन जा.’ शिळं खाऊन जा असं कुठली आजी सांगेल?” रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, असा अर्थ मग वाक्यातूनच निघाला.

काही दिवसांनी नात कुरकुरली. गोष्टी लिहिणाऱ्याने ही कारकुनी कशाला करायची?

“अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या टॉल्किनने केली,” आजोबा म्हणाले. पहिल्या महायुद्धातून परतलेला तो तरुण 1919 साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात नोकरीला लागला. त्याच्या वाट्याला डब्ल्यूचे शब्द आले. एका ‘वॉलरस’ची व्युत्पत्ती त्याने पुन्हापुन्हा लिहून काढली. पुढे त्याच्या गोष्टीत बिळात राहणाऱ्या लोकांचं नाव झालेला ‘हॉबिट’ हा शब्द त्याला सुचला तो असाच, अचानक. पण कोशातली सवय सुटते थोडीच? त्याने त्या शब्दाला मागाहून पूर्वज दिला, ‘बीळ बांधणारा’ अशा अर्थाचा जुन्या वळणाचा शब्द घडवला आणि तो बोलून बोलून झिजला की हॉबिट उरतो, असं दाखवलं. “आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? ज्यांच्या नावाची शाळा आपल्या बूढापाऱ्यात आहे, ते माधवराव सप्रे मराठी घरातले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचा वैज्ञानिक शब्दांचा हिंदी कोश 1906 साली निघाला, त्यातले अर्थशास्त्राचे शब्द त्यांच्याकडे होते. कथाही लिहीत ते.”

एका रविवारी डबा नातीच्या हातून उपडा झाला. चिठ्ठ्या गोळा करताना तिने गंमत म्हणून त्या शेवटच्या अक्षरांवरून लावल्या. शेतकरी, गावकरी, टाळकरी, वारकरी एका रांगेत बसले. घरपट्टी, पाणीपट्टी दुसरीत. ती बराच वेळ त्या रांगांकडे बघत राहिली. मग वही काढून तिने क्विलोर खोडले आणि लिहिलं ‘गाळकरी’. तळ्याचा गाळ उपसून जगणारी माणसं. थ्रूम खोडून लिहिलं ‘उजेडपट्टी’. पाण्यातून तळापर्यंत जेवढं ऊन उतरेल, त्यावर राजाने बसवलेला कर.

आणि अडलेली कादंबरी चालू लागली. उजेडपट्टी भरणं ज्यांना परवडत नाही ते कुठे राहणार? जलपर्णीच्या सावलीखाली. म्हणजे तिथे एक वस्ती आली. वसुली करणारे आले, ऊन चोरणारे आले, बायकांची भांडणंही आली. थ्रूममधून यातलं काहीच निघालं नव्हतं. आता ती आपल्या प्रत्येक नव्या शब्दाची चिठ्ठी करू लागली, कोण म्हणतं, कुणाला म्हणतं, कशावरून म्हणतं. ज्या शब्दाला वाक्य मिळालं नाही तो तिने काढून टाकला. झेर्गॉथ राजाही त्यातच गेला.

नवा शब्द रुजवायचा असेल त्याने आधी जुन्या शब्दांची चाकरी करावी, एवढंच या गोष्टीचं सांगणं. पण गोष्ट थोडी पुढे आहे.

महिनाअखेरीस विजेचं बिल आलं. प्रकरणं आजीच्याही कानावर पडत होतीच. ती स्वयंपाकघरातून ओरडली, “अहो, या महिन्याची उजेडपट्टी भरली का? नाहीतर बसू अंधारात!”

“आजी, तो शब्द विजेच्या बिलाचा नाही!” नात धावली. “तो तळ्याखालच्या राजाचा कर आहे. माझा शब्द आहे तो!”

आजोबांनी कोरी चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली. “आजीचं वाक्य जसंच्या तसं लिही. अर्थ दुसरा.”