प्रश्न न विचारणारा परका

परग्रहावरील स्नेहशील जीवांच्या खेळण्यातील आकृत्या जमविणे ही निरागस आवड मानली जाते. तीत गुंतलेला नैतिक प्रश्न मात्र तितका निरागस नाही. १९८२ च्या 'ई.टी.'पासून २००३ च्या 'कोई... मिल गया'मधील जादूपर्यंत या परक्याचा देह लहान, डोळे मोठे. वात्सल्य जागविणारी जी शिशुलक्षणे कोनराड लोरेन्झने १९४३ साली नोंदविली, त्यांत ही बसतात. परक्याचा स्वीकार होतो तो बाळ म्हणून. त्याचे परकेपण दाराबाहेरच राहते. १९९५ च्या 'टॉय स्टोरी'तील तीन डोळ्यांचे हिरवे जीव तर यंत्राच्या पंजाने आपल्याला निवडावे याचीच वाट पाहतात. संग्राहकाला याहून सोयीचा परका कोणता मिळणार?

जयंत नारळीकरांनी आपल्या विज्ञानकथासंग्रहाला 'यक्षांची देणगी' हे नाव दिले, तेव्हा महाभारतातील यक्षाचे स्मरण मराठी वाचकाला अटळ होते. हा परका तळ्याकाठी प्रश्न विचारतो. उत्तर न देता पाणी पिणारे चार पांडव निष्प्राण होतात. प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा, हाच येथे कळीचा मुद्दा. मराठवाडा-विदर्भाच्या सीमेवरील कनेरगाव नाक्याच्या नावातील 'नाका' उलट दिशेचा आहे : तेथे उत्तर द्यायचे ते येणाऱ्याने. काचेच्या कपाटातील आकृतीला कोणी काही विचारत नाही, तीही कोणाला विचारत नाही. तिचे मैत्र या मौनावरच उभे आहे. मुलाच्या हाती असताना निदान ते मूल तिच्या वतीने बोलते, भांडते. वेष्टन न उघडता जपलेल्या आकृतीला तेवढीही मुभा नसते, आणि संग्राहकांच्या बाजारात मोल तिचेच अधिक.