सोडावं काय, राखावं काय

आमच्या भोर-वेल्ह्याकडे वडिलांचं वर्षश्राद्ध उरकलं की लेकींना माहेरून फोन येतो. "ताई, भोरला येऊन तेवढी सही करून दे." सही हक्कसोडपत्रावर करायची असते. सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलेलं नाव दुय्यम निबंधकासमोर आपण होऊन सोडायचं, मग फेरफार होतो आणि नाव निघतं. मलाही तो फोन आला. माझं माहेर भाटघरच्या पाण्याकाठी, सासर वेल्ह्यात. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी ज्ञानेश्वरी वाचते. त्यामुळे सल्ला देणारेही पुष्कळ. "बाई, तुम्ही तर ज्ञानेश्वरी वाचता. तुम्हाला कशाला हवी जमीन? सोडून द्या."

हे बोलणं मी मनावर घेतलं. सोडता येणं ही मोठी गोष्ट आहे, असं मला मनापासून वाटतं. मुठी आवळून बसलेली माणसं गावात कमी पाहिली नाहीत. बांधाच्या हातभर जागेपायी दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणारीही पाहिली. पण काय सोडायचं, कधी सोडायचं आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे ठरवल्याशिवाय 'सोडून द्या' या उपदेशाला अर्थ येत नाही.

गीतेचा अठरावा अध्याय अर्जुनाच्या याच जातीच्या प्रश्नाने सुरू होतो. संन्यास म्हणजे काय आणि त्याग म्हणजे काय, असं तो विचारतो. भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. नेमून दिलेलं कर्म मोहापोटी टाकलं, तर तो तामस त्याग. कष्ट होतील या भीतीने टाकलं, तर तो राजस, आणि त्याचं फळ हाती लागत नाही. कर्म करत राहायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची आस सोडायची, हा सात्त्विक. गीता तिथे कर्माबद्दल बोलते, सातबाऱ्याबद्दल नाही. तरी कसोटी मला उपयोगी पडली. उद्या सही केली तर ती मी कशापोटी करीन? खरं उत्तर होतं, भीतीपोटी. माहेर तुटेल, भाऊबीजेला उंबऱ्यावरचा मान जाईल, चार बायका नावं ठेवतील. आमच्याकडच्या कितीतरी सह्या अशा भीतीच्या असतात आणि आपण त्यांना त्यागाच्या ओळीत बसवून मोकळे होतो.

माझ्या आजीला हे पुरतं कळलं होतं. आमची नदीकाठची खाचरं इंग्रजांच्या काळात भाटघर धरणात बुडाली. त्या पाण्यावर नीरेचे कालवे वाहतात, बारामती-फलटणकडचा ऊस उभा राहतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. भेगाळलेल्या गाळातून वाट काढत आम्ही दर्शनाला जायचो. आजी देवाला हात जोडायची आणि मग वळून बोटाने दाखवायची, इथून तिथवर आपलं भात. कुणी पुढारी 'या मंडळींनी लोकांसाठी त्याग केला' असं बोलला की ती भडकायची. म्हणायची, "आम्हाला विचारलं होतं का कुणी?" विचारल्याशिवाय घेतलेल्या वस्तूचं पुण्य कुणाच्याच खात्यावर पडत नाही, हे तिचं म्हणणं मला आजही पटतं.

तुकोबांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. दुष्काळानंतर विरक्ती आली तेव्हा त्यांनी घरची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाहीत. आधी भाऊ कान्होबाच्या वाटणीची खतं त्याला दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी नदीत सोडली. लोक बुडवण्याचं कौतुक करतात. मला आधीची वाटणी थोर वाटते. ज्यावर आपला एकट्याचा अधिकार, तेवढंच सोडायचं. दुसऱ्याच्या पानातलं उचलून दान करायचं नाही. मी सगळ्यावरच सही केली असती, तर उद्या माझ्या लेकीकडे जाणारंही परस्पर दिलं असतं. कायद्याने २००५ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो पक्का केला. तो माझ्या पिढीला कष्टाने मिळाला आहे. तो हातचा घालवताना निदान विचार तरी व्हायला हवा.

आमच्या अंगणातून तोरणा दिसतो. शाळेत पुरंदरचा तह शिकवताना मी मुलांना बाहेर आणून तो दाखवायची. जून १६६५ मध्ये महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले, बारा राखले. भोरचा रोहिडा दिलेल्यांत होता. राजगड आणि तोरणा राखलेल्यांत. पुढे १६७० साली दिलेले किल्ले परत घ्यायला सुरुवात झाली, ती या राखलेल्या गडांच्या बळावर. तो राजकारणातला तह होता, त्याला अध्यात्म म्हणणार नाही. पण पुष्कळ काही सोडूनही मूळ हातचं जाऊ द्यायचं नाही, हे भान मी तिथूनच घेतलं.

आणि वेळ? ती आमचं भात शिकवतं. लोंब्या भरून पिवळ्या पडू लागल्या की खाचराच्या बांधाची तोंडं फोडून पाणी काढून देतात. घाई केली तर दाणा भरत नाही, पळंज राहतो. उशीर केला तर पीक आडवं होतं, चिखलात कापणी करावी लागते. जाणता शेतकरी रोज बांधावर जातो, लोंबी चिमटीत दाबून बघतो आणि मग फावडं उचलतो.

मीही घाई केली नाही. भावाकडून गटांची यादी मागून घेतली. खाचरं तो स्वतः कसतो, त्यांवर त्याचं घर चालतं. त्या गटांचं हक्कसोडपत्र मी आनंदाने करून दिलं. तिथे माझं नाव राहून कुणाचं भलं नव्हतं. रस्त्याकडेच्या वरकस जमिनीवरचं नाव मात्र राखलं. तिला पुण्याचं गिऱ्हाईक लागलं होतं, फार्महाऊससाठी. जी जमीन कसायची नाही, विकायचीच आहे, तिचे पैसे भावंडांत वाटले जावेत, हे मी त्याला समोर बसून सांगितलं.

भाऊ बरेच दिवस बोलला नाही. आता बोलतो, पण पूर्वीइतका मोकळा नाही. 'ताईने योग्य केलं' असं त्याने एकदा म्हणावं, ही आस मला फार दिवस सुटली नव्हती. अठराव्या अध्यायातला फलत्याग मला तिथे खरा भेटला. जमीन सोडणं त्यामानाने सोपं गेलं. आपल्या शहाणपणाची पावती मागणं सोडायला मला अजून रोज बसावं लागतं.

म्हणून भावांना माझं सांगणं आहे, बहिणीला कचेरीच्या दारात कागद दाखवू नका; आधी घरी द्या, वाचू द्या, लेकीशी बोलू द्या. बहिणींना सांगणं आहे, नको असेल तेव्हा नको म्हणा आणि द्यायचं ठरलं की पुन्हा हिशेब काढू नका. आणि जिने सगळंच्या सगळं हसत सोडलं, तिला मी वाकून नमस्कार करीन. फक्त तिला 'नाही' म्हणायची मोकळीक होती ना, एवढं आधी विचारून घेईन.