‘लागतोय की सर!’

वह्या मिटा. आजचा पाठ नंतर, आधी कान उघडे ठेवून ऐका.

सकाळी तुमच्या गाड्यांचे ब्रेक तपासले. एकाचा पुढचा लिव्हर थेट मुठीला टेकतो. दुसऱ्याच्या मागच्या ड्रमवरचा बाण झिजेच्या खुणेपार गेलाय. तिसऱ्याचे पॅड इतके संपलेत की लोखंडावर लोखंड घासून डिस्कवर चरे पडलेत. विचारलं तर उत्तर काय? ‘लागतोय की सर!’ मोटर मेकॅनिकच्या वर्गात बसून हे उत्तर देताना लाज नाही वाटली?

काय लागतोय? किती लागतोय? गणित करा. ताशी ४० च्या वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. सायकलवाला आडवा आलेला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर गेलंच. त्यानंतर चांगल्या ब्रेकची गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे निम्म्याच ताकदीने लागणाऱ्या ब्रेकची गाडी अजून ताशी २८ च्या वेगात असते. त्या जागी सायकलवर कोण असेल? दप्तर अडकवून शाळेला निघालेली मुलगी, पहाटे पेपर टाकणारा पोरगा, नाहीतर एमआयडीसीतून रात्रपाळी करून घरी परतणारा कामगार. त्यांच्याभोवती पत्रा नाही. खड्डा चुकवायला ते एकदम बाजूला येणारच. तिथे हॉर्न बडवून उपयोग नाही, गाडी थांबली पाहिजे.

एक्झॉस्टला हजारो रुपये घालता आणि लायनर बदलायचे म्हटले की खिशात हात जात नाही. नुसता नट आवळून वेळ मारून नेता. आवळल्याने संपलेला लायनर परत येतो का? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. घाटात सतत ब्रेक दाबून ते तापलं की आतल्या पाण्याची वाफ होते आणि लिव्हर पोकळ जातो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. हे मी शिकवलंय, तुम्ही लिहूनही घेतलंय. मग गाडीपाशी गेल्यावर ते जातं कुठे?

‘मला माहीत नव्हतं’ ही सबब तर सांगूच नका. मोटार वाहन कायद्याचं १९० वं कलम वाचा. साध्या काळजीने कळला असता असा धोकादायक दोष घेऊन गाडी चालवणं हाही गुन्हाच आहे.

उद्या लोक तुमच्यावर भरवसा ठेवून गाड्या तुमच्या हाती देणार आहेत. स्वतःच्या गाडीचा ब्रेक ज्याला सांभाळता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या गाडीला पाना लावू नये.

ब्रेकचं काम होईपर्यंत गाड्या इथेच राहतील. वर्कशॉपमध्ये चाकं उतरवा, शू आणि पॅड काढून मला दाखवा, संपलेले बदला. आणि ब्रेक नीट झाल्यावरही, सायकलवाल्याला ओलांडताना त्याने हात लांब केला तरी लागणार नाही इतकी जागा सोडा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. ज्याचं ब्रेकचं काम झालं नसेल, त्याने चालत यावं, एसटीने यावं. गाडी रस्त्यावर आणायची नाही.