बेट्टा माशाची सोबत आणि अहिंसेचा विचार

एका प्राण्याची सोबत कोणी करावी हे माणसाने ठरवावे का, आणि ठरवावेच लागले तर कोणत्या निकषावर ठरवावे, हा प्रश्न वरकरणी घरगुती हौसेचा वाटला, तरी अहिंसा, स्वभाव आणि मैत्री या भारतीय नीतिविचारातील तिन्ही संकल्पनांची परीक्षा त्यात एकदम होते. दुबईतील अल बर्शा या, ‘मॉल ऑफ दि एमिरेट्स’च्या आसपास वसलेल्या भागात भाड्याच्या सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबाला कुत्रा किंवा मांजर पाळायचे तर बहुधा घरमालकाची परवानगी लागते, जागाही बेताची असते, आणि म्हणून मुलांच्या हट्टापोटी घरात येणारा पहिला प्राणी पुष्कळदा मासा असतो. त्यातही बेट्टा, ज्याला महाराष्ट्रातील दुकानांत ‘फायटर’ म्हणतात, तो देखणा असतो आणि लहान टाकीत राहू शकतो, म्हणून त्याची निवड होते. काही दिवसांनी घरातील कोणाला तरी तो एकटा वाटू लागतो आणि त्याला सोबती आणण्याचा विचार सुरू होतो. या विचारामागे दया असते यात शंका नाही, परंतु दयेपोटी केलेली प्रत्येक कृती तिच्या परिणामातही दयाळू ठरते असे नाही.

बेट्टा हा मूळचा थायलंड आणि त्याच्या शेजारच्या प्रदेशातील मासा असून भातखाचरे, दलदल, संथ ओढे अशा उथळ पाण्यात तो राहतो. अशा पाण्यात प्राणवायू कमी असल्यामुळे त्याला कल्ल्यांखेरीज एक जादा श्वसनेंद्रिय असते. डोक्याच्या पोकळीत घड्या पडलेल्या या इंद्रियाच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. नर तोंडाने हवेचे बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो, मादीने घातलेली अंडी त्यात ठेवतो, खाली पडलेले अंडे तोंडात धरून पुन्हा वर नेतो, आणि पिले पोहू लागेपर्यंत त्या जागेवर पहारा देतो. दुसऱ्या नरावर तो ज्या आवेशाने धावून जातो, तो आवेश आणि हा पहारा एकाच स्वभावाची दोन अंगे आहेत. माणसाने त्यांतील एक अंग निवडून वाढवले. झुंजींसाठी या माशाची पैदास निदान ४०० वर्षांपासून होत आली असून, थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा दर्जा दिला. याचा अर्थ असा की टाकीतल्या बेट्टाचा तापटपणा काही अंशी निसर्गाचा आहे आणि काही अंशी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा. आणि जो दोष आपणच रुजवला त्याबद्दल त्या प्राण्याला शिक्षा भोगायला लावणे हे कोणत्याही नीतिशास्त्रात समर्थनीय ठरणार नाही.

दोष हा शब्दही येथे काळजीपूर्वक वापरावा लागतो. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये पूर्ण केलेल्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे पसायदान मागितले, त्यात दुष्टांचे वाकडेपण जावे आणि प्राणिमात्रांत परस्पर मैत्र जडावे अशी प्रार्थना आहे. मराठी घरांत ही प्रार्थना लहानपणापासून पाठ असते, आणि म्हणून सर्व जिवांनी एकत्र, गुण्यागोविंदाने राहावे ही कल्पना मराठी मनाला स्वाभाविक वाटते. परंतु वाकडेपण जाण्यासाठी आधी ते असावे लागते, आणि ते असण्यासाठी वेगळे वागण्याची मोकळीक असावी लागते. माशाला ती नाही. त्यामुळे बेट्टाची झुंज हा दुष्टपणा नव्हे, ती केवळ प्रकृती आहे. आणि प्रकृतीपुढे निग्रहाची मात्रा चालत नाही हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायाने ज्ञानी पुरुषाबद्दलसुद्धा सांगितले आहे. मैत्र जडावे ही प्रार्थना ईश्वराकडे केलेली आहे. पन्नास लिटरच्या टाकीत ते जडवून दाखवण्याची आज्ञा ती माणसाला देत नाही.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात अहिंसेत स्थिर झालेल्या पुरुषाच्या सान्निध्यात वैर गळून पडते असे म्हटले आहे, आणि त्यावर टीका लिहिताना वाचस्पती मिश्राने घोडा व रेडा, उंदीर व मांजर, साप व मुंगूस या जोड्यांची उदाहरणे दिली आहेत. ही सारी उदाहरणे दोन भिन्न जातींमधल्या, जन्मजात व कायमच्या वैराची आहेत. बेट्टाचे वैर या चौकटीत बसत नाही, कारण ते मुख्यतः स्वजातीयाशी आहे; परक्याकडे तो पुष्कळदा दुर्लक्ष करतो, पण आपल्यासारखा दिसणारा कोणी समोर आला की कल्ले फुलवून अंगावर जातो. सारख्या स्वभावाच्या व सारख्या आवडीनिवडीच्या जिवांत सख्य होते, ही सुभाषितकारांची शिकवण येथे लागू पडत नाही. पंचतंत्रातील मित्रप्राप्तीचा भाग, ज्यात कावळा, उंदीर, कासव आणि हरीण एकमेकांचे मित्र होतात, तो या माशाच्या बाबतीत अधिक खरा आहे, कारण त्या चौघांचे अन्न वेगळे, वावरण्याची पातळी वेगळी आणि बळही वेगळे आहे.

माशांची निवड करताना हाच विचार उपयोगी पडतो. दोन नर बेट्टा एका टाकीत कधीही ठेवू नयेत. गोरामी हा त्याच्याच कुळातला, तसेच हवा घेणारा मासा असल्याने टाळावा, आणि गप्पीचा नर जातीने दूरचा असूनही त्याची रंगीत, झुलती शेपटी पाहून बेट्टाला तो प्रतिस्पर्धी वाटतो. टायगर बार्ब उलट बेट्टाचेच लांब पर कुरतडतो. गोल्डफिशला थंड पाणी मानवते, तर बेट्टाला २४ ते २८ अंश सेल्सिअसचे, म्हणून त्या दोघांत भांडण झाले नाही तरी एकाला रोज त्रास होणारच. याउलट तळाशी वावरणारे कोरिडोरास, वाळूत व दगडांच्या फटींत लपणारे कुहली लोच, फिक्या वा लहान अंगाचे रास्बोरा आणि एम्बर टेट्रा, तसेच काचेवरचे शेवाळ खाणारी नेराइट गोगलगाय यांचे आणि बेट्टाचे बहुधा जमते, कारण बेट्टा पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि त्यांची वाट क्वचितच त्याच्या वाटेला छेदते. यालाही अपवाद आहेत. प्रत्येक बेट्टाचा स्वभाव निराळा असतो आणि एखादा गोगलगाईलासुद्धा सोडत नाही.

या निवडीत एक गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते, आणि नीतिदृष्ट्या तीच सर्वांत गंभीर आहे. सोबती म्हणून आणलेल्या माशालाही स्वतःचे जीवन असते. कोरिडोरास, टेट्रा, रास्बोरा हे सारे थव्याने राहणारे मासे आहेत. त्यांना आपल्या जातीचे पाच-सहा तरी साथीदार लागतात आणि एकटे पडले की ते भेदरून कोपऱ्यात राहतात. बेट्टाचे कल्पित एकटेपण घालवण्यासाठी एकच कोरिडोरास आणणे म्हणजे ज्याला एकांत सोसतो त्याची कीव करून ज्याला तो सोसत नाही त्याच्यावर एकांत लादणे होय. एका जिवाला दुसऱ्याच्या सुखाचे केवळ साधन करण्याचा हा प्रकार आहे, आणि तो दयेच्या नावाखाली होत असल्यामुळे ध्यानात येत नाही.

बेट्टाचे एकटेपण कल्पित का म्हणावे, याचे उत्तर बौद्ध विचारात सर्वांत स्पष्टपणे मिळते. पाचव्या शतकात श्रीलंकेत बुद्धघोषाने लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात, ज्याच्या संपादनाच्या कामासाठी गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी हार्वर्ड विद्यापीठात गेले होते, मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचे विवेचन आहे. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाने होणारा आनंद, आणि उपेक्षा म्हणजे बेपर्वाई नसून समतोल वृत्ती, दुसऱ्याला त्याच्या स्थितीत राहू देण्याचे बळ. यांपैकी प्रत्येक भावनेला दोन शत्रू असतात असे बुद्धघोष सांगतो: एक दूरचा, जो उघड विरोधी असतो, आणि एक जवळचा, जो त्या भावनेसारखाच दिसतो म्हणून अधिक घातक असतो. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष, तर जवळचा शत्रू आसक्ती. परमुलखात राहणाऱ्या कुटुंबाला सणावाराला नातेवाईक नसणे ही खरीखुरी उणीव असते, आजी-आजोबा पडद्यावर भेटतात, शेजारी दोन-तीन वर्षांत बदलतात. अशा घरातला माणूस टाकीतल्या एकट्या माशाकडे पाहतो तेव्हा त्याला आपलेच दुःख तेथे दिसते, आणि ते दूर करण्याची धडपड त्याला मैत्री वाटते. त्या धडपडीची चेष्टा करणे अन्यायाचे होईल. पण नर बेट्टा थव्याने राहणारा मासा नाही, आपल्या हद्दीत एकटे असणे ही त्याची प्रकृत अवस्था आहे, आणि येथे मैत्रीपेक्षा उपेक्षेची गरज अधिक आहे.

आता टाकीचा विचार करू. राज्यशास्त्रात मत्स्यन्याय ही संज्ञा, मोठा मासा लहान माशाला गिळतो तशी बळी तो कान पिळी अशी स्थिती दाखवण्यासाठी येते, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व महाभारताच्या शांतिपर्वात दंड धारण करणारा राजा नसला की ही स्थिती ओढवते असे सांगितले आहे. टाकीत मात्र राजा असतो. पाणी, प्रकाश, अन्न, उष्णता आणि रहिवासी हे सारे त्याच्याच इच्छेने ठरते. भातखाचरात हरलेला नर पळून जातो आणि झुंज तेथेच संपते, कारण पाठलाग करण्यात जिंकणाऱ्याचा काही लाभ नसतो. टाकीत पळायला जागा नसते, म्हणून तीच झुंज मरेपर्यंत चालू शकते. यावरून असे म्हणणे प्राप्त होते की टाकीतील हिंसेचा कर्ता मासा नाही, ज्याने सुटकेची वाट बंद केली तो कर्ता आहे. उमास्वातींच्या ‘तत्त्वार्थसूत्र’ या जैन ग्रंथात हिंसेची व्याख्या करताना प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा निर्णायक घटक मानला आहे आणि अहिंसाणुव्रताच्या, म्हणजे गृहस्थाच्या अहिंसाव्रताच्या, अतिचारांत, म्हणजे व्रताला लागणाऱ्या दोषांत, मारणे, अवयव छेदणे, जास्त ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे यांच्याबरोबर बंध, म्हणजे प्राण्याला कोंडणे, हाही गणला आहे. काटेकोर जैन दृष्टीने पाहिले तर टाकीच नसावी, आणि या मताला दिलेले कोणतेही उत्तर पूर्ण समाधानकारक नाही. एवढेच म्हणता येते की पैदाशीतून जन्मलेला, लांब परांमुळे वेगाने पोहू न शकणारा मासा परक्या पाण्यात सोडणे हे त्याला मारण्यासारखेच आहे. तेव्हा जो आधीच घरात आला त्याचा बंध जितका सुसह्य करता येईल तितका करणे हेच कर्तव्य उरते.

अल बर्शा ज्या समाजात वसले आहे त्याच्या धर्मपरंपरेतही हा विचार आलेला आहे. कुराणाच्या सहाव्या अध्यायात पृथ्वीवरील प्राणी आणि पक्षी हे माणसांसारखेच समाज असल्याचे सांगितले आहे. हदीस, म्हणजे प्रेषित मुहम्मद यांच्या उक्ती व कृतींच्या परंपरा, यांत एका लहान मुलाच्या पाळीव पाखराची आपुलकीने केलेली चौकशी आढळते, आणि तिच्या आधारे अनेक धर्मशास्त्रज्ञांनी नीट काळजी घेण्याच्या अटीवर पाखरू पाळण्यास अनुमती दिली. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीला झालेल्या शिक्षेची कथाही तेथेच आहे. अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत प्राण्यांना एकमेकांवर चिथावून झुंजवण्यास मनाई करणारी परंपरा नोंदलेली आहे. त्यानंतर काही शतकांनी आपल्याकडे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात कोंबड्यांच्या, लावा पक्ष्यांच्या आणि एडक्यांच्या झुंजी राजाच्या विनोदांत, म्हणजे करमणुकीत, मोजल्या आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या निषेधाचे मोल कळते. पाहुण्यांना गंमत दाखवण्यासाठी बेट्टासमोर वारंवार आरसा धरणे हीसुद्धा चिथावणीच आहे.

स्थळाचा आणखी एक परिणाम आहे. वातानुकूलित खोलीत हवा २२-२३ अंशांवर राहिली तर वाळवंटाच्या प्रदेशातही टाकीला हीटर लावावा लागतो. उलट उन्हाळ्यात नळाचे पाणीच इतके तापलेले असते की ते निवू दिल्याखेरीज टाकीत घालता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी लागली की अनेक कुटुंबे भारतात जातात, वातानुकूलन बंद होते, आणि बंद घरातले पाणी माशाला न सोसणाऱ्या तापमानाला पोचते. टाकीत जितके सोबती अधिक, तितके त्यांच्या मलमूत्रातून निर्माण होणारा अमोनिया अधिक, आणि देखरेख नसताना तितकाच धोका मोठा. म्हणून सोबत्याचा निर्णय रंग आणि शेपट्या पाहून दुकानात करण्याचा नाही. वर्षातील त्या सहा-आठ आठवड्यांत टाकीकडे कोण पाहणार, याचे उत्तर मिळाल्यावरच तो करावा.

ज्यांना सोबती आणायचाच आहे त्यांनी टाकी निदान चाळीस-पन्नास लिटरची घ्यावी, दृष्टी अडेल इतकी दाट झाडे लावावीत, सोबत्यांना आधी आणि बेट्टाला शेवटी सोडावे, म्हणजे सारी जागा आपली आहे असे तो धरून बसणार नाही, आणि न जमल्यास त्याला त्याच दिवशी वेगळे काढता येईल अशी दुसरी टाकी आधीच भरून तयार ठेवावी. ज्या घरात ही दुसरी टाकी ठेवण्याची तयारी नाही, त्या घरात बेट्टाला एकटेच ठेवावे.